फॉर्मवरची ती एक ओळ काढून टाका

वधू-वर सूचक केंद्रांचे चालक, ज्ञातिमंडळांच्या विवाह समित्यांचे सदस्य आणि वधू-वर मेळाव्यांचे आयोजक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर शिक्षण, पगार, गोत्र, रक्तगट, चष्मा, अपेक्षा असं सगळं विचारून झालं की शेवटाकडे एक ओळ येते. शब्द केंद्रागणिक थोडे बदलतात, मजकूर तोच: ‘कुटुंबात कोणास मानसिक अथवा आनुवंशिक आजार असल्यास तपशील द्यावा.’ पुढे टिंबटिंब. त्या टिंबांवर खरं उत्तर लिहिलेला फॉर्म तुमच्यापैकी कितीजणांच्या हाती आला आहे? लोक ‘नाही’ लिहितात किंवा आडवी रेघ मारून मोकळे होतात. तुम्हालाही ते ठाऊक असतं. तरी दरवर्षी नवे फॉर्म छापताना ती ओळ तशीच पुढे जाते.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, आहे. आईवडील गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. मी बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पुण्यातल्या एका स्वमदत गटात नियमित जाते. आमच्यासारखे शुभंकर, म्हणजे घरच्या आजारी माणसाला सांभाळणारे, तिथे महिन्यातून एकदा जमतात. बैठकीला विषय काहीही ठरलेला असो, औषधांचे दुष्परिणाम असोत की अपंगत्वाचा दाखला, चहा येईपर्यंत बोलणं लग्नावर आलेलं असतं. त्याच्या बहिणीचं कसं होणार? तिच्या मुलाला कोण मुलगी देणार? हिचं स्वतःचं करायचं की नाही?

म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना नाही, तुम्हाला. मानसिक आजार झाकून ठेवायचा, हा पहिला धडा आमच्या घरांना लग्न जुळवण्याच्या निमित्ताने मिळतो आणि त्या व्यवहाराच्या उंबऱ्यावर तुम्ही बसलेले आहात.

वयं बघा. स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुतेकदा सतरा-अठरा ते तिशी या काळात होते. मुलांमध्ये जरा आधी, मुलींमध्ये काही वर्षं उशिरा. बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल नैराश्य, या आजाराचंही साधारण असंच. म्हणजे मुलगी रात्ररात्र जागी राहायला लागते, शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायला लागते, नेमकी तेव्हाच घरात तिची पत्रिका बाहेर काढलेली असते. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव निघालं की कोणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘आत्ता नको, एकदा फाईल झाली की कायमची चिकटते.’ मग ताईत बांधला जातो, कुलदैवताला नवस बोलला जातो, हवापालटासाठी मामाच्या गावी पाठवणी होते. वर्ष जातं, कधी दोन जातात. भास-भ्रम दिसू लागल्यापासून औषध सुरू होईपर्यंत जेवढा काळ वाया जातो, तेवढं पुढचं सावरणं कठीण होत जातं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आहेत, असं त्यात दिसलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. याचं सगळं खापर लग्नाच्या भीतीवर फोडता येणार नाही. खेड्यापाड्यांत डॉक्टरच नाहीत, पैसे नाहीत, तालुक्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. आमच्या गटात येणाऱ्या बहुतेक घरांची मात्र ही अडचण नव्हती. त्यांचे डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर होते.

आता ‘कुटुंबात कोणास’ या शब्दांकडे येते. माझ्या मुलीला एका केंद्रातून स्थळ आलं होतं. दोघं बाहेर भेटली, बोलली, पसंती झाली. मग मुलाकडच्यांनी आमच्या जुन्या गल्लीत चौकशी केली, तिच्या मामाबद्दल समजलं आणि केंद्रातून फोन आला, ‘पत्रिका जुळत नाही म्हणताहेत.’ गुण तर आधीच जुळवून झाले होते. खरं कारण मी खोदून विचारलं, तेव्हा केंद्र चालवणाऱ्या बाई अगदी आपुलकीने म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी भावाचा पत्ता वेगळा द्या हो, ताई.’ बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेला तो व्यवहारी सल्ला होता आणि मला खुपलं ते हेच.

ज्या भीतीपायी हे सगळं चालतं, ती केवढी आहे? स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता कोणत्याही माणसाला आयुष्यभरात शंभरात सुमारे एक, किंवा त्याहून किंचित कमी. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर मुलांमध्ये शंभरात साधारण दहा. सख्ख्या भावंडांमध्येही जवळपास तेवढीच. मामा, काका, आत्या, मावशी यांना असेल तर भाचे-पुतण्यांमध्ये शंभरात तीन-चार. म्हणजे मामा आजारी असलेल्या शंभर भाच्यांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव जणींना तो आजार होत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. साधारण निम्म्या जोड्यांत होत नाही. आणि ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांत, भावंडांत तो कोणालाच नसतो. तेव्हा कोरी वंशावळ पाहून जे निर्धास्त होतात, त्यांनाही तुमची ओळ काही मिळवून देत नाही.

तुम्ही मंगळाचं काय केलंत ते आठवा. एकेकाळी मंगळाची मुलगी म्हटली की स्थळ दारातून परत जायचं. तुम्हीच वाटा काढल्यात. सौम्य मंगळ, कडक मंगळ, अमक्या वयानंतर जाणारा मंगळ, दोघांनाही असला तर चालणारा मंगळ. त्या ग्रहाचा संसाराशी संबंध काय हा वाद बाजूला ठेवते. प्रतवारी लावायची कला तुम्हाला येते, एवढंच म्हणायचं आहे. ती आजारापाशी कुठे जाते? बाळंतपणानंतर काही महिने नैराश्याच्या गोळ्या घेतलेली मावशी, बारावीच्या वर्षी पॅनिक अटॅक येऊन गेलेला मुलगा, अनेक वर्षं मनोरुग्णालयात काढलेले चुलत आजोबा, सगळ्यांना तुमच्याकडे एकच टिंबटिंब.

कायद्यातसुद्धा तुमच्या फॉर्मपेक्षा जास्त तारतम्य आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या पाचव्या कलमात १९७६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून नुसता आजार असणं विवाहाच्या आड येत नाही. संमती देऊ शकणाऱ्या माणसाचा आजार ‘अशा प्रकारचा किंवा इतक्या प्रमाणात’ असावा लागतो की तो विवाहाला आणि अपत्यप्राप्तीला अयोग्य ठरावा. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या स्किझोफ्रेनिया या नावावर घटस्फोट मिळत नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते. २०१३ मध्येही पत्नीला हा आजार आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या पतीची मागणी त्याच न्यायालयाने फेटाळली. त्या खटल्यात नवरा-बायको दोघंही डॉक्टर होते. आणि अपस्मार, म्हणजे फिट्स. १९७६ च्या दुरुस्तीत तोही विवाहाच्या आड येणाऱ्या आजारांत घातला गेला होता. १९९९ मध्ये संसदेने तो वगळला. फिट्स येणाऱ्या कितीतरी मुलींची लग्नं त्यानंतर तुम्हीच जुळवली असतील.

याच कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगते आहे असं वाटेल. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. उपवराचा स्वतःचा आजार, त्यातही चालू असलेला आणि औषधं लागणारा, ही महत्त्वाचीच गोष्ट आहे. ‘आत्ता बोलू नका, आधी जमू द्या’ हा जो सल्ला फोनवर हळू आवाजात दिला जातो, तो त्या जोडप्याला थेट कौटुंबिक न्यायालयाच्या पायरीवर नेऊन सोडू शकतो.

आणि न्यायालयाच्या आधी घरात काय होतं? हे तुम्हाला दिसत नाही, कारण अक्षता पडल्या की तुमचं काम संपतं. आम्ही ते पाहतो.

लग्नाचा आठवडा हा बायपोलर किंवा सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या) माणसासाठी सगळ्यांत नाजूक असतो. झोप मोडली की बायपोलरचा झटका उसळू शकतो, हे मानसोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत सांगतात. आपल्याकडे त्या आठवड्यात झोपतं कोण? ग्रहमख, मेंदी, हळद, सीमांतपूजन, पहाटेचा मुहूर्त, मग सत्यनारायण. कित्येक घरांत जागरण-गोंधळ, तोही रात्रभर. घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्रीची गोळी घ्यायची तर आत्येबहीण शेजारच्याच गादीवर. ‘ही कसली गं गोळी?’ या प्रश्नाच्या धास्तीने पहिल्या दिवशी गोळी चुकते, दुसऱ्या दिवशी चुकते, मग आता बरंच तर वाटतंय म्हणून बंद होते. सासरी डबी ठेवायची कुठे? कुलूपवाली पेटी नव्या सुनेकडे नसते. काही मुली व्हिटॅमिनच्या बाटलीत गोळ्या भरून नेतात. लिथियम चालू असेल तर रक्तातलं प्रमाण ठरावीक मुदतीने तपासावं लागतं. क्लोझापिन असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवून चालत नाही. ही तपासणी नवऱ्याला न कळू देता वर्षानुवर्षं कशी करणार? काही औषधांनी सकाळी लवकर जाग येत नाही, वजन वाढतं. सासूच्या लेखी सून आळशी आणि खादाड ठरते आणि सुनेला खरं कारण सांगता येत नाही.

गरोदरपणाचं तर बोलायलाच नको, असं म्हणून सगळे न बोलता पुढे जातात, मी बोलते. व्हॅल्प्रोएट नावाचं एक औषध फिट्ससाठी आणि बायपोलरसाठीही दिलं जातं. गरोदरपणी ते चालू राहिलं तर बाळाच्या मेंदूला, मणक्याला व्यंग होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं असतं. नवऱ्याला पत्ताच नसेल तर ही बोलणी कोण करणार? मग दोनच गोष्टी होतात. ती गुपचूप औषध चालू ठेवते, नाहीतर दिवस राहिल्याचं कळताच कोणालाही न विचारता सगळं एकदम सोडते. पहिल्यात बाळाला धोका, दुसऱ्यात तिला. दोन्हीचं मूळ तिच्या आजारात कमी आणि लपवण्यात जास्त आहे.

उलट, माहीत असलेला जोडीदार काय करू शकतो? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे. आजार बळावला आणि स्वतःला निर्णय घेता येईना, तर कोणी आपल्या बाजूने उभं राहायचं ते त्याने आधीच ठरवायचं. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी पुरतं. आमच्या गटातल्या एका जोडप्याने हा कागद लग्नानंतर लगेच केला, तिने त्याचं नाव घातलं. झोप कमी झाली, बोलणं वेगाने सुरू झालं, अंगावर ऑनलाइन खरेदीची झिंग चढली, की हा समजतो आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जातो. भांडतात ती दोघं गॅस सिलिंडरवरून, सासूवरून, टीव्हीच्या आवाजावरून. तुमच्या-माझ्यासारखी.

याच्या अगदी विरुद्ध टोकाची एक समजूत आहे, तिलाही तुम्ही हातभार लावता. ‘डोक्यावर अक्षता पडल्या की ताळ्यावर येईल.’ हे मुलांच्या बाबतीत जास्त. मुलगा घरात बसून असतो, स्वतःशी पुटपुटतो, आंघोळ टाळतो; आईवडील थकत चाललेले. मग गावाकडची, गरिबाघरची, तिसरी-चौथी मुलगी शोधली जाते. सांभाळून घेईल अशी. तिला विचारायची गरज कोणाला वाटत नाही. लग्न हा स्किझोफ्रेनियावर उपचार नाही. नवी जबाबदारी, नवं माणूस आणि कमी झोप यांनी बरं होण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता जास्त. आणि ती मुलगी बायको म्हणून येते आणि नर्स म्हणून राहते, तीही बिनपगारी आणि कोणी न शिकवलेली.

मुलगी आजारी असली तर? तिला माहेरी आणून सोडतात. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेत डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि संसार मोडलेल्या बायकांशी बोलून अभ्यास केला. त्या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना आजाराच्या कलंकापेक्षा टाकलेली असण्याचा कलंक अनेकदा जास्त बोचत होता. चेन्नईतलं आहे, पण आमच्या गटातल्या तीन आया हे वाचून म्हणाल्या, ‘हे तर आमच्या घरातलं.’

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत. आम्ही फक्त माध्यम, असं तुम्ही म्हणाल. फॉर्म तुम्ही छापता, चौकशी तुम्ही पुरवता, कोणाचं स्थळ कोणाला दाखवायचं हे तुम्ही ठरवता. इतकं करणारं नुसतं माध्यम मी तरी पाहिलेलं नाही. दुसरा आक्षेप खरा आहे: समोरच्याला कळण्याचा हक्क नाही का? आहे. स्वतः उपवर असलेल्याने आपला आजार साखरपुड्याआधी, स्वतःच्या तोंडाने, जोडीदाराला सांगायलाच हवा. या बाबतीत मी आमच्या गटातल्या काही जणांपेक्षा कडक आहे आणि त्यावरून तिथे वादही होतात. पण ते सांगणं दोन माणसांमधलं आहे; हवं तर डॉक्टरांच्या समोर, प्रश्न विचारायला जागा ठेवून. अनोळखी पंचवीस घरांत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या बायोडेटावर नाही. पहिल्या चहापोह्यांनाही नाही. आणि मामाचा, मावशीचा, आजोबांचा आजार ही त्या मामाची, मावशीची, आजोबांची खाजगी बाब आहे. डॉक्टरांनी ती गोपनीय ठेवावी, असं २०१७ चा कायदा सांगतो. तुमच्या फॉर्मवर भाचीने ती कोणाच्या परवानगीने लिहायची? माझ्या भावाला वाचता येतं. त्याचा आजार भाचीच्या लग्नाच्या कागदावर छापलेला बघून त्याला काय वाटेल, हा विचार फॉर्म छापताना कोणी केला नसणार.

तेव्हा माझं मागणं असं. ती ओळ काढा. तिच्या जागी फॉर्मसोबत एक पान द्या: साखरपुड्याआधी दोघांनी आपापल्या प्रकृतीबद्दल एकमेकांशी मोकळेपणाने बोलावं, थायरॉइडपासून नैराश्यापर्यंत जे काही असेल ते, आणि चालू औषधं लपवू नयेत. त्याच पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. फोनवर बसणाऱ्या तुमच्या माणसांना सांगा की ‘लपवा’ हा सल्ला द्यायचा नाही आणि एका घराची गोष्ट दुसऱ्या घरी पोहोचवायची नाही. नोंदणीला फक्त आईवडील आले आणि ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणाले, तर नोंदणी थांबवा, मुलाला किंवा मुलीला एकटं भेटा आणि लग्न करायचं आहे का ते विचारा. फी थोडी बुडेल. त्याहून मोठी रक्कम तुम्ही हॉलच्या फुलांवर घालता.

धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, ते त्यांनी जाहीरपणे मांडलं आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. त्यांच्याइतकं धैर्य मी तुमच्याकडे मागत नाही. छापखान्याला एक ओळ कमी सांगायची आहे.

आणि मेळाव्यात अर्धा तास द्या. परिचयाचा कार्यक्रम सुरू होण्याआधी, लोक ताजेतवाने असताना; जेवणानंतर नको. एखादे मानसोपचारतज्ज्ञ आणि आमच्या गटातलं ते गॅस सिलिंडरवरून भांडणारं जोडपं यायला तयार आहे. मानधन नको, हार-नारळ नको. माईक तेवढा नीट चालणारा ठेवा. मागच्या एका मेळाव्यात मागच्या तीन रांगांना मुलींची नावंसुद्धा ऐकू येत नव्हती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक शुभंकर, पुणे